मोहिनीचं नेपाळी कार्ड

कुंदाबाईला साखर नाही, बीपी नाही, गुडघेदुखी नाही. तिला मोहिनी आहे. दोंडाईच्याजवळच्या त्या गावात दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. कुंदाबाई थोरली जाऊ, मोहिनी धाकटी. मोहिनी लग्न होऊन या घरात आली त्या दिवशी कुंदाबाईच्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून काही थांबलेलं नाही. मोहिनीच्या म्हशीला रेडी झाली तरी दुखायचं आणि मोहिनीच्या दारातल्या शेवग्याला शेंगा जास्त लागल्या तरी दुखायचं.

आता उन्हाळ्यातले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापडच घ्या. ज्वारीचं पीठ दोघींनी मिळून दळून आणायचं, एकाच पातेल्यात शिजवायचं, एकाच खाटेवर ओल्या धोतरावर थापायचं. तरी मोहिनीच्या हातचे बिबडे पातळ आणि पांढरेशुभ्र व्हायचे, कुंदाबाईचे जाड आणि कडेला तडकलेले. यात मोहिनीचा काय दोष? पण कुंदाबाई म्हणायची, "सावलीनी बाजू माले दी दिनी तिनी." आणि घरी पाहुणे आले की मोहिनीचेच बिबडे तळायची आणि आपले म्हणून वाढायची.

तरी हे सगळं चालून गेलं असतं. जावा-जावांत थोडंफार चालतंच. खरी दुखरी जागा होती मयुरी. मयुरी ही कुंदाबाईची एकुलती एक लेक. मोहिनीला दोन मुलगे, मुलगी नाही. त्यामुळे वेणी घालायची, मेंदी काढायची सगळी हौस तिने मयुरीवर भागवून घेतली. मयुरी शाळेतून आली की दप्तर आपल्या घरात टाकायची आणि जेवायला काकूकडे पळायची. कुंदाबाई ताट वाढून बसलेली. भिंतीपलीकडून लेकीचं हसणं ऐकू यायचं आणि इकडे घास तोंडातच फिरत राहायचा. लेकीवर रागावता येत नाही, म्हणून तो सगळा राग मोहिनीच्या खात्यावर.

मयुरी लग्न होऊन साक्रीला गेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि त्या बाळंतपणाने दोन घरांतलं बोलणंच संपवलं. झालं असं, की धुळ्याच्या दवाखान्यात आदल्या सांजेपासून कुंदाबाई बाळंतिणीच्या खोलीच्या दारासमोर बसून होती. पाणी प्यायलाही उठली नव्हती. सकाळी डॉक्टरीण म्हणाली, वेळ आहे अजून. तेव्हा ती चहा आणायला म्हणून खाली उतरली. तेवढ्यात नात झाली. नर्स बाहेर आली, समोर मोहिनी उभी, तिने बाळ मोहिनीच्या हातात दिलं. कुंदाबाई चहाचे ग्लास घेऊन वर येते तो मोहिनी बाळाला छातीशी धरून रडतेय आणि त्याच्या उघड्या डोळ्यांकडे बघत म्हणतेय, "देख व अक्का, डोया कश्या उघाडी ऱ्हायनी!"

कुंदाबाईने ग्लास खिडकीत ठेवले. बाळाला घेतलं. पण त्या दिवसापासून मोहिनीशी एक शब्द बोलली नाही. माझ्या लेकीचं लेकरू, आणि पहिल्यांदा पाहिलं कोणी, तर हिने! तिचा एवढा जीव जळाला की गावी परतताना ती गाडीत पुढच्या सीटवर बसली, एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आमच्याकडच्या अबोल्याला मात्र काही नियम असतात. अबोला असला म्हणून कामं थोडीच अडतात? समोरचीला काही सांगायचंच असलं तर ते भिंतीला सांगायचं, खांबाला सांगायचं, नाहीतर तिसरीला सांगायचं. मोहिनी अंगणातल्या कडुनिंबाला म्हणायची, "नळले पानी उनं बरं." कुंदाबाई हंडा घेऊन बाहेर यायची आणि त्याच कडुनिंबाला म्हणायची, "माले दिखस." तीन वर्षं त्या झाडाने दोघींचे निरोप पोचवले.

अशात गावातल्या वनाभाऊने नेपाळ यात्रेची बस काढली. चित्रकूट, प्रयाग, अयोध्या, मग सीमा ओलांडून पोखरा आणि काठमांडूचा पशुपतिनाथ. मोहिनीने नाव दिलं. हे कळलं त्या दिवशी कुंदाबाईला जेवण गोड लागेना. मयुरीला दुसऱ्यांदा दिवस गेलेले, या खेपेला ती साक्रीला सासरीच राहणार होती. तारीख यात्रेनंतरची होती, पण म्हणून आईने परदेशी जायचं? नवरा पुनाभाऊ म्हणाला, "आते कसाले जास? पोरनी हालत देख." कुंदाबाई म्हणाली, "देवना बोलावा शे." देवाचा नव्हता. मोहिनी परदेशात जाऊन येईल, गावभर नेपाळच्या गोष्टी सांगत फिरेल, आणि आपण भिंतीआडून ऐकत बसायचं, हे तिला सोसवणारं नव्हतं. देवाचं नाव पुढे केलं, झालं.

सोनौलीची सीमा ओलांडली आणि बसमधले सगळ्यांचे फोन मेले. इकडचं कार्ड तिकडे चालत नाही हे वनाभाऊने आधीच सांगितलं होतं, पण ऐकतो कोण? बायका फोन खिडकीबाहेर धरून बघू लागल्या. बस चहाला थांबली तेव्हा मोहिनी उतरली आणि समोरच्या दुकानात शिरली. फोटो आणि ओळखपत्र ती घरूनच घेऊन आली होती. अंगठा टेकवला, दुकानदाराने टाचणीने फोनची खाच उघडली, नेपाळचं कार्ड आत सरकवलं, आणि मोहिनी बसमध्ये चढते तो तिचा फोन टुणटुण वाजायला लागला.

मग काय विचारता! सगळी बस मोहिनीच्या सीटभोवती. तिने आपलं नेट बाकीच्यांना दिलं, म्हणजे तिच्या फोनवरून आजूबाजूच्यांचे फोन चालू लागले. यशोदाबाई सत्तरीची, पण तीही ओरडली, "व माय! मना फोनमा इंटरनेट उनं!" आणि तिने लगेच घरी फोन लावून सुनेला बस दाखवली, ड्रायव्हर दाखवला, आणि मोहिनीला दाखवलं, "हाई देख, हिनी कृपा." सगळ्या हसल्या. कुंदाबाई तेवढी खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती आणि तिच्यावर सिमेंटची जाहिरात होती.

तिच्या मनात काय चाललं होतं? कार्ड घ्यायची अक्कल हिलाच कशी सुचली? घरून फोटो आणते म्हणजे आधीपासून ठरवूनच आली. सगळ्यांना आपल्या नेटची भीक घालायची, सगळ्यांच्या तोंडी मोहिनी, मोहिनी करून घ्यायचं. मिरवायचं नुसतं.

पोखऱ्याच्या धर्मशाळेत सांजच्याला मोहिनी व्हरांड्यात फोनवर बोलत होती. एवढ्या अंतरावरून नीट ऐकू येत नव्हतं, पण "मयुरी" हे नाव कुंदाबाईच्या कानातून सुटणार नव्हतं. मग मोहिनी फोन हातात धरून आत आली. कुंदाबाईच्या पलंगाशेजारी एक खांब होता, त्या खांबाला म्हणाली, "मयुरीना फोन शे. कोनले बोलानं ते बोला."

फोन तिने खांबापुढेच धरला होता. हात लांबवला असता तर लेक हातात आली असती. कशी आहे, पाय सुजलेत का, झोप लागते का, सगळं विचारायचं होतं. पण माझ्या लेकीची खुशाली मी हिच्या हातून घ्यायची? हिच्या कार्डावरून? हिने द्यायची आणि मी घ्यायची? तिने खांबाला ठणकावून सांगितलं, "मनी पोर माले मना फोनवर बोली. कोनाज उपकार नको."

मोहिनी फोन घेऊन बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी सांजेला पुन्हा आली, पुन्हा खांबाला सांगितलं, पुन्हा तेच उत्तर ऐकून परत गेली. यशोदाबाईने मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण कुंदाबाईने तिलाच झापलं. त्या रागात तिने जेवणही अर्धंच केलं.

काठमांडूत पोचल्यावर मात्र तिने कंबर कसली. सकाळी पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघण्याआधी वनाभाऊला सोबत घेऊन, तिथेच फोटो काढून तिने स्वतःचं नेपाळी कार्ड घेतलं. मोहिनीपेक्षा जास्त नेट असलेलं द्या, असं तिने दुकानदाराला हातवारे करून सांगितलं. अडचण एवढीच होती की फोनच्या दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड होतं आणि त्यात तिची भजनं होती. भजनं काढायची नाहीत म्हणाली. मग दुकानदाराने गावाकडचं कार्ड काढलं आणि त्या जागी नेपाळचं घातलं. काढलेलं कार्ड तिच्या तळहातावर ठेवून तो म्हणाला, "माताजी, इसको संभाल के रखना."

नखाएवढी ती चकती. सांभाळून ठेवायची म्हणजे बाईमाणूस कुठे ठेवणार? पदराच्या टोकाला तिने सकाळीच देवासाठी अक्षता आणि सुपारी बांधली होती. तीच गाठ सोडली, कार्ड आत टाकलं, आणि दाताने ओढून पुन्हा घट्ट बांधली. कुंदाबाईच्या पदराच्या गाठीतून आजवर काही हरवलेलं नव्हतं. देवळाकडे जाताना ती ताठ मानेने चालत होती, आणि मोहिनीच्या शेजारून जाताना तिने फोन मुद्दाम उजव्या हातात घेतला.

देवळात गर्दी अशी की श्वास घ्यायला जागा नाही. मागचे ढकलत होते, पुढचे हलत नव्हते. शेवटी एकदाची कुंदाबाई देवासमोर आली. हात जोडले आणि जे मनात होतं ते सरळ मागितलं. मयुरीची सुटका नीट होऊ दे. बाळ धडधाकट असू दे. आणि महादेवा, या खेपेला पहिलं मलाच बघू दे. मग पदराची गाठ सोडली, जे होतं ते सगळं ओंजळीत घेतलं, डोळे मिटले आणि देवाला वाहिलं. मागच्या बाईने धक्का दिला आणि ती बाहेर आली. डोळ्यांत पाणी होतं, मन हलकं झालं होतं.

धर्मशाळेत परतल्यावर ती पलंगावर मांडी घालून बसली आणि फोन उघडला. आता मयुरीला लावायचा आणि मोहिनी खोलीत येईल तेव्हा मोठ्याने बोलायचं, असा बेत. व्हॉट्सॲप उघडलं तर ते विचारू लागलं, नंबर बदललाय का. कुंदाबाईने अभिमानाने हो म्हटलं. मग त्याने आणखी काही विचारलं, तिने आणखी काही दाबलं. शेवटी सगळं पुसलं जाऊन नुसता नंबर टाकायची जागा उरली. तिने आपला जुना नंबर टाकला. त्यावर फोन म्हणाला, त्या नंबरवर कोड पाठवलाय, तो लिहा.

तिने वनाभाऊला हाक मारली. वनाभाऊने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "कोड तुम्हना जुना कार्डवर येई अक्का. ते टाका, आठे येस का देखूत."

कुंदाबाईने पदर पुढे घेतला. टोक मोकळं होतं. तिने दुसरं टोक पाहिलं, कमरेला खोचलेलं पाहिलं, पलंगावर पदर झटकला. तांदळाचे दोन दाणे खाली पडले.

"काय व्हयनं व कुंदा?" यशोदाबाईने विचारलं.

"मनं कार्ड..." कुंदाबाई त्या दाण्यांकडे बघत म्हणाली. "देवले वाही उनू मी."

यशोदाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. "व माय! महादेव उचली का आते तुना फोन?" आजूबाजूच्या बायकाही हसल्या. हसता हसता एकीने विचारलं, मग साधाच फोन लाव ना लेकीला. तर तेही होईना. सगळे नंबर त्या कार्डातच साठवलेले होते. मयुरीचा नाही, नवऱ्याचा नाही, कोणाचाच नंबर आता फोनमध्ये नव्हता. तोंडपाठ असा एकच नंबर होता, जुन्या दिवसांत बाजारातून, दवाखान्यातून, माहेरून रोज फिरवलेला. मोहिनीचा. आणि मोहिनी तर बाहेर व्हरांड्यात उभी होती.

मग कुंदाबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बायकांना वाटलं, कार्ड गेल्याचं वाईट वाटतंय. कार्डाचं तिला काही वाटत नव्हतं. तिला आठवत होतं की सकाळपासून लेकीचं काही कळलेलं नाही, कालही नाही, परवाही नाही, आणि हे सगळं तिने आपल्या हाताने करून घेतलं. लेक दिवस मोजत असताना ती तिला सोडून या परमुलुखात आली होती. आणि तेही मोहिनी येणार होती म्हणून.

दिवेलागणीला व्हरांड्यात एकदम गलका झाला. फोन वाजला, कोणीतरी "साक्रीहून" म्हणालं, आणि कुंदाबाई उठून बसली. तारीख लांब होती. या वेळी साक्रीहून फोन कशाला? पाय खाली टेकवले, पण उभं राहायचं धैर्य होईना. मग तिने पाहिलं, मोहिनी आत येते आहे. धावतच येत होती, पण विचित्र. फोन तिने छातीशी दाबून धरला होता, आणि फोनचं तोंड बाहेरच्या बाजूला. मान तिने पार वर केलेली, छताकडे, चुकूनसुद्धा खाली नजर जाऊ नये म्हणून. येता येता तिचा पाय कुणाच्या तरी पिशवीत अडकला.

खांबापाशी येऊन ती थांबली. धाप लागली होती. खांबाला म्हणाली, "सांगा अक्काले, मयुरीले पोर व्हयनी. दोन्ही चांगला शेतस. मी अजून काहीच देखेल नही शे. आधी अक्कानी देखानं."

कुंदाबाईने हात पुढे केले. मोहिनीने मान वर ठेवूनच चाचपडत फोन तिच्या हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन पाठ फिरवून उभी राहिली.

पडद्यावर आधी मयुरीच्या सासूचा अंगठा दिसला, मग दवाखान्याची निळी चादर, आणि मग ते. लालबुंद, डोळे घट्ट मिटलेलं, कपाळावर आठ्या पाडलेलं, अजून पुरतं पुसलेलंही नाही असं. या जगात त्याला पाहणाऱ्या आपल्या माणसांत आईनंतर आणि साक्रीच्या आजीनंतर कुंदाबाईचाच नंबर होता. ती नुसती बघत राहिली आणि डोळे गळत राहिले.

मग मयुरीचा थकलेला चेहरा आला. "आई, तुना फोन अजून बंदच शे का? मी रोज लाई ऱ्हायनू."

"मनं कार्ड..." कुंदाबाई सांगायला लागली.

"बरं व्हयनं, काकूनं कार्ड शे," मयुरी म्हणाली. "निंघाना पहिलेच मी काकूले सांगेल व्हतं, तू नेपाळनं कार्ड लई ठेवजो. आई काय लेवाव नही. मना जीव घाबरना तर आईसंगे बोलाले पाहिजे माले. रोज सांजले मी काकूले म्हनू, आईले दे. काकू म्हने, आई देवळात जायेल शे, आई झोपेल शे. तू कितली झोपस व आई?"

कुंदाबाईने मान वर केली. मोहिनी अजून पाठमोरी उभी होती, पण तिची मान खाली गेली होती. म्हणजे फोटो घरून आणला तो यासाठी. दुकानात उतरली ती यासाठी. सीमेपासून काठमांडूपर्यंत ज्या कार्डाच्या नावाने कुंदाबाईने जीव जाळला, ते कार्ड तिच्यासाठीच घेतलेलं होतं. आणि ती लेकीच्या फोनला पाठ फिरवून बसली, हे मोहिनीने लेकीला कळूही दिलं नाही. कुंदाबाईला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यातही एक कळ उठलीच, की एवढं शहाणपण हिलाच कसं सुचतं.

यशोदाबाई निरोप पोचवायला पुढे झाली, तिला वाटलं आपलं काम आहे. कुंदाबाईने तिला हाताने बाजूला केलं. खांबाकडेही पाहिलं नाही.

"मोहिनी," ती म्हणाली. तीन वर्षांत हे नाव तिने असं समोरून घेतलं नव्हतं. "आते तठे कसाले उभी शे? ये, देख ना."

मोहिनी वळली. डोळे पुसत आली आणि पलंगाच्या कडेला, अगदी काठावर बसली. कुंदाबाईने सरकून जागा केली आणि फोन दोघींच्या मधे धरला. मोहिनी वाकून पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, "ये व मनी सोनी!"

आणि इतका वेळ मिटलेले डोळे बाळाने नेमके तेव्हाच उघडले.

कुंदाबाईने ते पाहिलं. पोटात जुन्या ठिकाणी दुखायला लागलं. पण फोन तिने काही आपल्याकडे ओढला नाही.